बंद गठ्ठ्यातले गुण

ऐंशीच्या दशकात वारणानगरला बारावीची गुणपत्रिका हातात पडली की विषय संपायचा. आम्ही आसपासच्या खेड्यांतली ऊसकऱ्यांची पोरं. सरांनी दिले तेच गुण खरे, ही घरची शिकवण. फारच जीव तुटला तर गुणपडताळणीचा अर्ज. त्यात बेरीज बघत, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघत. बरोबर उत्तराला शून्य पडलं असेल, तर दाद नव्हती.

याला कायद्याचंच पाठबळ होतं. उत्तरपत्रिका दाखवायची नाही, फेरतपासणी करायची नाही, हे राज्य मंडळाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले होते. परितोष शेठ खटल्यात 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. शिक्षणातले निर्णय त्यातल्या जाणकारांनी घ्यावेत, न्यायाधीशांनी त्यावर आपलं मत लादू नये. शिवाय लाखो उत्तरपत्रिका पुन्हा उघडल्या तर निकालाला शेवटच उरणार नाही, अशी ती भूमिका.

तिचा पहिला भाग मला आजही पटतो. निबंधाला सहा द्यायचे की आठ, हे कोर्टाने का ठरवावं? पण सरांचा शब्द मानणं वेगळं आणि सरांनी काय तपासलं ते बघूच न देणं वेगळं. त्या निकालाने दोन्हींची एकच गाठ मारली.

ती सुटली 9 ऑगस्ट 2011 ला. आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माहिती अधिकारात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. आता बारावीची मुलं छायाप्रत मागवतात, ती घेऊन आपल्या सरांकडे जातात आणि सर ओळीवर बोट ठेवून सांगतात, इथे तुझं चुकलं, इथे तुझे गुण गेले. आमच्या वेळी सरांवर विश्वास होता. पण असं शेजारी बसून शिकणं नव्हतं. याचा मला खरोखर हेवा वाटतो.

कोर्टही जवळ आलंय. पूर्वी उच्च न्यायालय म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. तरी तिथे गुण वाढवून मिळतील या आशेने कुणी जाऊ नये. फेरतपासणीची तरतूद नसेल तर न्यायालयाने ती क्वचितच सांगावी आणि शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये रणविजय सिंह खटल्यात बजावलं आहे. म्हणून सगळी भिस्त छायाप्रतीवर. तिचं शुल्क ऊसतोड मजुरांच्या मुलांना तरी माफ व्हायला हवं.