घोटभर पाणी

महाराजपुरातल्या आमच्या घरात आईची एक शिस्त होती. उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी. सारा जन्म जबलपुरात गेला तरी तिनं ती मोडली नाही. म्हणून त्या मे महिन्यात पलंगावरून माझ्याकडे पाहत तिनं अदबीनं विचारलं, "आप किसके यहाँ से आए हैं?" तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

तिला न्यूमोनिया झाला होता. अंगात ताप, बाहेर रणरणतं ऊन. येणारा-जाणारा सांगे, पाणी पाजा. मी तासातासाला पेला तिच्या ओठांशी धरत होतो.

इस्पितळात रक्त तपासलं. सोडियम 118. ते 135 ते 145 असायला हवं. डॉक्टरांनी कागदावर कवटीचा गोल काढला. रक्तातलं मीठ कमी झालं की पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. कवटीला मात्र फुगता येत नाही.

पुढचं मी नंतर वाचलं. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, काही पेशींचं कामच हे मोजमाप ठेवण्याचं. त्या आक्रसल्या की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. फुगल्या की स्राव थांबतो, जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. शरीरात अशी जाण असावी, हे व्हर्नी या इंग्रज शास्त्रज्ञानं 1947 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं. न्यूमोनियात कधी कधी हा लगाम सुटतो. पेशी फुगल्या तरी संप्रेरक स्रवतच राहतं. आईचं शरीर पाणी सोडत नव्हतं, आणि मी पाजतच होतो.

उपचार साधा होता. न्यूमोनियाची औषधं, आणि पाणी मोजून. सोडियमही सावकाश चढवायचं. घाई केली तर मेंदूलाच इजा होते. मावशीनं ग्वारीघाटाहून नर्मदेचं पाणी आणलं होतं. तहानलेल्याला पाणी द्यावं हे मला आईनंच शिकवलेलं. मी तो गडू खिडकीत ठेवून दिला. मावशी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.

चौथ्या दिवशी पहाटे हाक आली. "अरे, घोटभर पाणी दे ना."

मराठीत. तिनं मला ओळखलं होतं.

मी मापाचा पेला पाहिला आणि दोन चमचे दिले. ती आणखी मागत राहिली. मी डोळे पुसत नाही म्हणत राहिलो.