कानाजवळचा सांधा

दुखणं सुरू झालं ते उजव्या कानात. सकाळी उठलं की कानाच्या पुढे ठणका, कानशील जड, आणि दुपारपर्यंत डोकं भणभणायचं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कान स्वच्छ, पडदा शाबूत. मग दाताचे डॉक्टर झाले. त्यांनी ओपीजी एक्स-रे काढला आणि अक्कलदाढेवर बोट ठेवलं. दाढ गेली, ठणका तसाच राहिला. पुढच्या खेपेला ते म्हणाले, "दातांची ठेवण जुळत नाही, दोन-चार दाढा घासून घेऊ." मी नकार दिला. धडधाकट दात एकदा घासला की परत भरून येत नाही.

त्यातच एका सकाळी घास घ्यायला तोंड उघडलं आणि ते अर्ध्यावरच अडकलं. त्याआधी बरेच दिवस जबड्यातून 'कट्' असा आवाज यायचा. त्या दिवशी आवाज बंद झाला आणि तोंडही. आमचं घर सोलापुरातलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर पोसलेलं. ताटातलं काही खाता येईना. सासूबाई घाबरल्या. "दातखिळी बसली गं! धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंयस ना?"

शेवटी पुण्याच्या एका डेंटल कॉलेजात जबड्याचे विकार बघणाऱ्या डॉक्टर भेटल्या. सुपारी, गुटखा खाता का, हे त्यांनी आधी विचारलं. आपल्याकडे तोंड कमी उघडण्याचं ते मोठं कारण. त्यात गालाची आतली त्वचा ताठ होत जाते. माझे गाल मऊ होते. मग त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे बोटं टेकवून मला तोंड उघड-मीट करायला लावलं, आणि गालाचे, कानशिलाचे स्नायू जागोजागी दाबून पाहिले. गालावर एका ठिकाणी बोट रुतलं आणि कळ थेट कानात गेली. "हा तुमचा कान," त्या म्हणाल्या. पट्टीने मोजलं तर वरच्या-खालच्या दातांत 24 मिलिमीटर अंतर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जातात.

कानापुढचा हा जबड्याचा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि शिवाय पुढेही सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक लहानशी चकती असते. ती पुढे घसरलेली असली, की तोंड उघडताना हाड तिच्याखाली परत शिरतं आणि 'कट्' होतं. शिरेनासं झालं की आवाज थांबतो आणि तोंड अडकतं. नुसताच आवाज येत असेल, दुखत नसेल, अडकत नसेल, तर बहुधा उपचार लागतही नाहीत.

या दुखण्याला एकच एक कारण नसतं. त्या वर्षी घरात सासऱ्यांचं डायलिसिस होतं आणि शाळेत माझ्याकडे दहावीचा वर्ग. दिवसभर माझे दात एकमेकांवर दाबलेले असायचे, आणि रात्री झोपेत मी दात खायचे. (मूल दात खातं म्हणून आपल्याकडे जंताचं औषध देतात, इथे जंतांचा काही संबंध नव्हता.) खरं तर खाताना आणि गिळताना सोडलं, तर दातांनी दातांना टेकायचंच नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला.

डॉक्टरांनी सांगितलं, टिकल्या लावा. मी लाल टिकल्या लावल्या: मोबाइलच्या मागे, मिक्सरवर, वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात. दिसली की दात सोडायचे, खांदे सैल करायचे. पहिल्या आठवड्यात दर वेळी दात घट्ट आवळलेलेच सापडत. वह्या तपासताना सगळ्यात जास्त. माझ्या मते निम्मा उपचार या टिकल्यांनी केला.

बाकीचं साधंच होतं. काही आठवडे मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली ताजी भाकरी. ऊस, कणीस, चिंगम बंद. गालाला ओल्या फडक्याचा गरम शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. आरशासमोर जीभ टाळूला ठेवून तोंड सरळ उघडायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला. रात्री दातांवर बसवायला डॉक्टरांनी मापाची अ‍ॅक्रिलिकची पट्टी दिली. तिने दात खाणं थांबत नाही, पण दात झिजत नाहीत.

शस्त्रक्रियेचं मी विचारलं, तेव्हा त्यांनी अमेरिकेतली हकिगत सांगितली. 1980 च्या दशकात तिथे कित्येकांच्या सांध्यात चकतीच्या जागी टेफ्लॉनचे तुकडे बसवले. ते चुरले, आजूबाजूचं हाड झिजलं, आणि अखेर 1990-91 च्या सुमारास ते मागे घ्यावे लागले. शस्त्रक्रिया काहींना लागतेच, पण बहुतेकांना साध्या उपायांनी आराम पडतो, असं त्या म्हणाल्या.

मला पडला. आता तोंड तीन बोटं उघडतं. परीक्षेच्या दिवसांत ठणका डोकावतो, तेव्हा शेक आणि टिकल्या पुन्हा सुरू होतात.

तुमचाही जबडा दुखत असेल, तर दाढा घासून घ्यायला किंवा शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. मात्र जिना चढताना जबडा दुखू लागला, सोबत छाती दाटली किंवा घाम फुटला, तर दाताच्या दवाखान्यात वेळ घालवू नका. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा.