उताराचीही तालीम

आमच्या गटाचा रविवारचा सराव कधी सिंहगडच्या घाटात असतो, कधी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात. चढाची वेळ प्रत्येकाला सेकंदासकट पाठ असते. उताराची विचारली की बहुतेक जण गप्प होतात, कारण माथा गाठला की सराव संपला असं सगळे धरून चालतात. धावणाऱ्यांना शिकवताना मला ही समजूत फार नुकसानीची वाटते. 2012 साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच यवतेश्वर घाटाने वर जाते आणि त्याच वाटेने खाली येते.

म्हणून मी चढाच्या आणि उताराच्या वेळांच्या दोन वेगळ्या याद्या करतो. सारख्या चढाचा, गाड्या लांबून दिसतील असा तुकडा निवडायचा. खालून सगळे एकदम सुटतात. वर शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचं, दम खाली बसू द्यायचा, मग पुन्हा एकदमच उतरायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं. नाहीतर चढाला मागे पडलेला उतारालाही मागेच दिसतो आणि तो किती छान उतरतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

याद्या शेजारी ठेवल्या की क्रम बदललेला दिसतो. चढाला छातीतला दम आणि अंगाचं वजन यांवर सगळं ठरतं. उतारावर दम शिल्लक असतो, पण मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाताच अंगाचा भार झेलतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळा येतात त्या यामुळेच.

आमच्यात वेल्ह्याकडची एक मुलगी आहे. चढाला ती मधल्या फळीत असते, उताराला तिला कुणी गाठत नाही. पावलं आखूड आणि झपझप, पाय बरोबर कमरेखाली टेकतो, हात सैल, नजर पुढच्या वळणावर. चढाला सगळ्यांत पुढे असणारा आमचा गडी मात्र मागे रेलून, टाचा रोवत उतरतो. प्रत्येक पावलाला ब्रेक! त्याच्या पायांत ताकद भरपूर आहे. उतरायला त्याला आजवर कुणी शिकवलं नाही, एवढंच.

आणि हे शिकवता येतं. सौम्य उतार, थोडं अंतर, आधी लय, मग वेग. एकदा बेताने उतार सोसला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने मांड्या तितक्या दुखत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत 1921 पासूनची, 90 किलोमीटरच्या आसपासची. ती सहसा एका वर्षी डर्बनहून पीटरमारित्झबर्गकडे चढते, पुढच्या वर्षी उलटी उतरते. उतरत्या वर्षी आपल्याकडून जाणाऱ्यांनी नुसते चढ मारून तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या रविवारी घाटात गेलात तर माथ्यावर घड्याळ बंद करू नका. उताराची वेळही लिहा, आणि तुमच्यात सगळ्यांत छान उतरणाऱ्याला पुढे धावू द्या.