आहुप्याची देवराई आणि मोरघार

जुन्नर म्हटले की व्यापारी घराण्यांना प्रथम नाणेघाट आठवतो. सातवाहनकाळी कोकणातील बंदरांचा माल याच वाटेने घाट चढून येत असे. जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आजही तेथे उभा आहे. सह्याद्रीच्या याच धारेवर दक्षिणेस आंबेगाव तालुक्यातील आहुपे गाव वसले आहे. गेल्या मार्गशीर्षात घोडेगाव, डिंभे मार्गे आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. लहानपणी आमच्या पेढीवर हिरड्याची पोती येत, ती याच डोंगरांतून. ते रान मात्र मी प्रथमच पाहत होतो.

गावाची देवराई देवाच्या नावाने राखलेली आहे. तेथे कुऱ्हाड चालत नाही. आमच्या सोबतचे वृद्ध महादेव कोळी गृहस्थ एकाएकी थांबले. “शेठ, हलू नका. मोरघार बसलीय.” उंच शेंड्यावर, डोक्यामागे लांब तुरा असलेला तो गरुड स्तब्ध बसला होता. अशाच उंच झाडावर तो काटक्यांचे घरटे बांधतो, त्यात हिरवी पाने अंथरतो. एका विणीला अंडे एकच.

धाकट्या लेकीने विचारले, “बाबा, ती तर पाखरे मारून खाते. मग तिला कशाला जपायचे?”

जैन घरातील मुलीला हा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. मी तिला दूरच्या जावा बेटाची हकिगत सांगितली. मोरघारीचा जवळचा भाऊबंद असलेला एक गरुड जगात केवळ त्या बेटावर आढळतो. १९९३ मध्ये इंडोनेशियाने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. त्या देशाच्या राजचिन्हावरही गरुडच आहे. परंतु शेतीसाठी व वस्तीसाठी रान तुटत गेले आणि आता तो मुख्यत्वे डोंगरउतारांवरील उरल्यासुरल्या जंगलात तग धरून आहे. मान मिळाला, पण झाडे गेली.

देवराई हेही एक बेटच आहे. भोवती समुद्राऐवजी उघडे माळ, एवढाच फरक. मोरघारीला जपणे म्हणजे तिचे झाड जपणे, आणि त्या झाडाच्या आश्रयाने असंख्य जीव जगतात.

परतताना त्या गृहस्थांनी वाटेवरचा एक हिरडा दाखविला. “हा उभा असला तर दरसाल फळ देतो. तोडून कोळसा केला तर एकदाच पैसा.”

मुद्दल राखावे आणि व्याजावर घर चालवावे, हा आपल्या पेढीचाच धडा रानाने मला पुन्हा वाचून दाखविला.