किती नावं लिहायची?

परवा कपाट आवरताना नातीच्या गेल्या वर्षीच्या कागदांत एक यादी सापडली. फार्मसीच्या एकेचाळीस महाविद्यालयांची नावं, आणि त्यातल्या पंचवीसेक नावांवर पेन्सिलीनं मारलेली आडवी रेघ. रेघा नंतर खोडल्यात, पण कागदावर वळ राहिलेत. रेघा मारणारा मी. त्या रेघांबद्दलच आज लिहितोय. हा ब्लॉग आमचे बरेच नातेवाईक वाचतात, म्हणून लिहावं की नाही, असा आठवडाभर विचार केला. शेवटी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा की अण्णा. त्यात काय एवढं!"

तर गोष्ट २०२५ च्या पावसाळ्यातली. नातीनं बारावीनंतर सीईटी दिली होती, पीसीबी गटातून. डॉक्टर व्हायचं नाही, औषध कसं बनतं ते शिकायचंय, हे तिचं दहावीपासून ठरलेलं. गुण बरे होते. फार वरचे नाहीत, खालचेही नाहीत. अशा मधल्या मुलांचीच खरी पंचाईत होते. पहिल्या शंभरात असणाऱ्याला विचार करावा लागत नाही. बी.फार्म.च्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत ऑप्शन फॉर्म भरायचा असतो. त्यात आपल्याला हवी ती महाविद्यालयं पसंतीच्या क्रमानं लिहायची. प्रश्न एवढाच, की किती?

सल्ला द्यायला गाव गोळा झालं. फॉर्म भरून देणारा कॅफेवाला म्हणाला, "शंभर टाका, कुठंतरी नंबर लागेलच." जावयांच्या कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले, "पाचच टाका, जास्त टाकली की लांबचं गळ्यात पडतं." शेजारच्या वहिनींचं म्हणणं, अवघड कॉलेज वर टाकू नये, पसंती वाया जाते. नात रडकुंडीला आली. मी म्हटलं, थांबा, आधी माहिती पुस्तिका आणा. मास्तर माणूस, पुस्तक वाचल्याशिवाय बोलायचं नाही, ही जुनी सवय.

पुस्तिका वाचून मला जे कळलं ते तिला आमच्या शाळेतल्या ग्रंथालयाच्या तासाचं उदाहरण देऊन सांगितलं. समजा, पुस्तकं पन्नास आणि मुलं साठ. परीक्षेतल्या क्रमांकानं एकेकाला पुढे बोलावायचं. प्रत्येकाच्या हातात स्वतःची यादी. मी ती वरून वाचायला लागणार. पहिलं पुस्तक गेलं असेल तर दुसरं, दुसरं गेलं असेल तर तिसरं. जे पहिलं शिल्लक दिसेल ते हातात द्यायचं आणि पुढच्याला बोलवायचं. त्याखालची नावं मी वाचतसुद्धा नाही. मग अवघड पुस्तक वर लिहिल्यानं तोटा काय? काही नाही. आणि यादी लांब असल्यानं वरचं पुस्तक हातचं जातं का? तेही नाही. आखूड यादीवाला पोरगा मात्र रिकाम्या हातानं जागेवर जाऊ शकतो. आरक्षणाच्या जागा आणि विद्यापीठनिहाय जागा यांचे हिशेब वेगळे असले तरी यादी वाचायची रीत हीच.

एक अट मात्र लक्षात ठेवायची. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं महाविद्यालय मिळालं, तर ते घ्यायचं, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणून पहिलं नाव गंमत म्हणून लिहायचं नाही. आणि जिथं जायचंच नाही, ते नाव शेवटी भर म्हणूनही लिहायचं नाही.

दुसरी एक गोष्ट. हल्ली कुठंतरी जागा मिळते, ती कुठली हा प्रश्न. भारतीय औषधनिर्माण परिषदेनं २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. बंदी अशा ठरावानं घालता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये दिला, आणि मग तालुक्या-तालुक्याला नव्या पाट्या लागल्या. त्यामुळे शंभर नावं लिहिणं अवघड नाही. त्या शंभरांत प्रयोगशाळा किती ठिकाणी धड आहे, ते पाहणं अवघड.

केंद्रीय प्रक्रियेबाहेरची अभिमत आणि खासगी विद्यापीठं असतात. त्यांचं गणित उलटं. तिथं प्रत्येकाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, काहींची परीक्षाही वेगळी. इथं जास्त नावांना पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. शिवाय केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला, तरच शासनाच्या सवलती मिळतात. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या घरी दोन पगार, त्यामुळे आम्हाला ती लागू नव्हती, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल म्हणून लिहून ठेवतो. बाहेरचे अर्ज नातीनं दोनच केले.

इथपर्यंत मी अगदी शहाण्यासारखा वागलो. मग तिनं एकेचाळीस नावांची यादी छापून आणली आणि म्हणाली, "आबा, यातली नको ती काढून द्या." मी पेन्सिल घेऊन बसलो. अमरावती, लांब. रेघ. छत्रपती संभाजीनगर, लांब. रेघ. रत्नागिरी, मध्ये आंबा घाट, पावसात रस्ता बंद होतो. रेघ. मुंबईची दोन, माटुंग्याचं आणि कलिन्याचं. माटुंग्याची संस्था १९३३ पासूनची, जुने लोक अजून तिला यूडीसीटीच म्हणतात. पण मुंबईत पोरगी राहणार कुठं? रेघ. तासाभरात जी सोळा नावं उरली, ती सगळी सांगलीहून संध्याकाळी परत येता येईल अशी.

लेक स्वयंपाकघरातून हात पुसत आली. यादी उचलून पाहिली. म्हणाली, "अण्णा, पेन्सिल जुनीच वापरलीत की!"

तिचा रोख मला लगेच कळला. आता तेच सांगायचं आहे.

लेकीची बारावी १९९२ ची. तेव्हा आम्ही सातारा जिल्ह्यातल्या गावात होतो, मी तिथल्याच शाळेत. तिलाही फार्मसीच करायची होती. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या गुणांवर काम चाले. कराडला सरकारी महाविद्यालय, गावातून थेट एसटी. तिथला अर्ज मी आणला, भरला. दुसऱ्या एका शहरातल्या महाविद्यालयाचा अर्जही रजा काढून आणला होता. तो मी भरला नाही. परत येताना एसटीत बसल्या बसल्या मनात यायला लागलं, वसतिगृह, परकं गाव, खर्च, लोक काय म्हणतील. अर्ज शाळेतल्या कपाटात ठेवला आणि घरी सांगितलं, मुदत संपली होती. कराडला तिचा नंबर थोडक्यात हुकला. तिनं बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आज ती रसायनशास्त्र शिकवते आणि उत्तम शिकवते. तिचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. मीही ती ढाल तेहेतीस वर्षं पुढे धरत आलो. पण तिच्या यादीत नाव एकच होतं, आणि तेही माझ्या हातचं.

त्या संध्याकाळी नात क्लासला गेल्यावर मी लेकीला ते सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलणं न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं. मुदत पेपरात छापून आली होती. अजून नऊ दिवस होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला खोटं बोलताना कधी बघितलं नव्हतं. वाटलं, पैशांची फारच अडचण असेल."

अडचण होती, पण तेवढी नव्हती. हेही मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. शेंगांचं सूप उचलून आत गेली. माफ केलं वगैरे काही झालं नाही, आणि मी ते मागितलंही नाही. रात्री जेवायला मात्र नेहमीसारखं वाढलं.

नात आल्यावर मी तिला खोडरबर दिलं. म्हटलं, माझ्या रेघा पूस आणि तूच ठरव. तिनं प्रत्येक नावाला तीन प्रश्न लावले. परिषदेची मान्यता चालू आहे का? फी, खोली आणि मेस धरून चार वर्षांचा खर्च आई-बाबांना झेपेल का? आणि शेवटचा, उद्या फक्त हेच मिळालं तर मी आनंदानं बॅग भरीन का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं की नाव कट. अशी तिची तिनं एकवीस नावं काढली. त्यातली बरीचशी मी राखलेली, जवळची. उरली वीस. माटुंगा सगळ्यात वर. "नाही मिळणार, माहितीये. पण वाया तर जात नाही ना, आबा?" मास्तरांचा धडा मास्तरांनाच.

नंबर लागला नवव्या नावाला. रत्नागिरी.

सामान घेऊन आम्ही तिघं एसटीनं गेलो. आंबा घाटात धुकं होतं, गाडी हळू चालली, पण रस्ता उघडा होता. वसतिगृहाच्या खोलीत लेकीनं स्वतः गादी घातली, खिडकी उघडझाप करून बघितली, मग प्रयोगशाळा कुठं आहे विचारून तिकडे गेली आणि दाराशी बराच वेळ उभी राहिली. मी हाक मारली नाही.

या वर्षी कुणाच्या घरी असा फॉर्म भरायचा असेल, तर किती नावं लिहायची ते मुलालाच ठरवू द्या. आपण खर्चाचा आकडा खरा सांगावा, पुस्तिका वाचून दाखवावी, आणि पेन्सिल त्याच्याच हातात ठेवावी.

असो. नातीचा मघाशीच फोन आला होता. मेसचं जेवण बेचव आहे म्हणते. घाटातून डबा कसा पाठवायचा, याचा विचार चाललाय.