झांकली मूठ

'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्यानें प्रथम काढली, त्याची मूठ सकाळीं उठल्याबरोबर मिटत असली पाहिजे. आमची मिटत नाहीं. गेलीं नऊ वर्षें आम्हीं आमवाताच्या, म्हणजे डॉक्टरमंडळी ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्याच्या, सहवासांत काढलीं आहेत. आणि उठल्यावर तास-दीड तास आमचीं बोटें आमचें ऐकत नाहींत.

'वयोमानानें हें चालायचेंच,' असें म्हणून स्नेही आमचें समाधान करूं पाहतात. परंतु वयोमानानें झिजलेल्या सांध्याचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आंत ओसरतो. येथें झीज हें मूळ नव्हे. शरीराचें रक्षण करणारी शक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते, आणि हा रोग ऐन तारुण्यांतही गांठतो. माधवकरानें 'माधवनिदाना'त आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलें, त्याला हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. औषध मात्र अर्वाचीन. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतूं शकते. म्हणून आमच्या घरीं एकादशीइतकीच तिच्या शनिवारावर सर्वांची नजर असते.

बाकीचा संसार युक्तीचा. पेला दोन्ही हातांनीं धरावा, दाराची गोल मूठ काढून आडवी बसवावी, लेखणीला चिंधी गुंडाळून ती जाड करावी. चष्मा लावतांना जर कोणी लाजत नाहीं, तर यांत लाजावें कशाला?

अवघड आहे तें निराळेंच. हा रोग दिसत नाहीं. मंगळवारीं जिना चढलेले प्राध्यापक बुधवारीं खालींच कां बसले, हें पाहणाऱ्यास कळत नाहीं. आणि न सांगितल्यास तो त्याला आळस किंवा तोरा समजतो. झांकल्या मुठीची किंमत ही अशी द्यावी लागते. गेल्या वर्षीं खडू धरवेना, तेव्हां आम्हीं वर्गांत सरळ सांगितलें कीं, फळ्यावर यापुढें तुमच्यापैकीं कोणीतरी लिहावें. मागच्या बांकावरचा एक अबोल मुलगा उठला. आतां तो रोज लिहितो, आणि शब्द कळला नाहीं कीं खडू थांबवून अर्थ विचारतो. मग तो साऱ्या वर्गालाच कळतो. आमचे हात धड होते तेव्हां असे प्रश्न फारसे कोणी विचारीत नसे.