बरगडीचं मटण

डुकराच्या बरगडीची सगळी चव हाडाला धरून असलेल्या मांसात आणि त्याच्या थराथरांतल्या चरबीत असते. ती सुटायला वेळ लागतो, म्हणून हे मटण घाईच्या दिवशी कुणी चुलीवर चढवत नाही. जावळ, लग्नानंतरचे पाहुणे, पोळ्याची कर असा हाताशी मोकळा दिवस आणि घरात माणसांची गर्दी असेल, तेव्हाच ते शोभते.

ही रीत इस्लापूरकडची; इस्लापूर हे किनवट तालुक्यातले गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा, भोवती सागाचे जंगल, आणि तेलंगणही फार लांब नाही. या पट्ट्यात सणाचे मटण म्हणजे बहुतेक घरी बोकड किंवा गावरान कोंबडी. डुकराचे मटण मराठवाड्यात वडार, कैकाडी, मातंग अशा समाजांतल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या रांधले. त्यामागे मोठे कसब आहे, पण छापील पाककृतींत ते क्वचितच सापडते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आले, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांचा ऐवज पहिल्यांदाच एवढ्या तपशिलाने मराठी पुस्तकात उतरला. अशा नोंदी आणखी व्हायला हव्यात. चुलीपाशी बसून शिकलेली गोष्ट लिहिली गेली नाही, तर एका पिढीत पुसली जाते.

जनावर कापल्यावर आधी त्याचे केस भाजून काढतात. भडका उडवायला पऱ्हाट्या किंवा तुराट्या उत्तम. त्या झटकन पेटतात, ज्वाळ मोठी होते आणि कातडी न करपता केस जळतात. मग सुरीने खरवडून गरम पाण्याने धुतात. कातडी काढून टाकत नाहीत, कारण शिजल्यावर तीच सर्वांत आधी संपते.

बोकडाला बरगडीच्या तेरा जोड्या असतात, डुकराला साधारण चौदा किंवा त्याहून एखाददुसरी जास्त. पाठीच्या कण्याकडच्या बरगड्या आखूड आणि कमी चरबीच्या, तर पोटाकडच्या लांब, चरबीदार, टोकाला मऊ हाड असलेल्या. रश्शासाठी पोटाकडच्याच घ्याव्यात. हाडाचे वजन बरेच भरते, म्हणून माणशी अर्धा किलो धरले तर वाढताना हात आखडावा लागत नाही. आतल्या बाजूला हाडांवर एक पातळ, चिवट पडदा असतो. सुरीचे टोक त्याखाली सारून एक कडा सुटी करायची आणि कोरड्या फडक्यात धरून तो ओढायचा; बहुतेक वेळा एका ओढीत निघतो. पडदा राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना तो दातांत अडकतो.

मांस विकत घेताना मात्र नजर हवी. गावात उकिरड्यावर फिरलेल्या डुकराच्या मांसात कधीकधी साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसतात. ती फीतकृमीची अळीकोषावस्था. असे मांस घेऊच नये. या कृमीची अंडी घाणेरड्या हातांतून किंवा पाण्यातून माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फिट येण्याचे कारण होऊ शकतात. म्हणून बंदिस्त जागेत, खाद्य देऊन वाढवलेले जनावर बरे. आणि मांस पूर्ण शिजवायचे. अर्धेकच्चे चाखून पाहायची सवय इथे चालत नाही.

तुकड्यांना मीठ, हळद आणि आले-लसणाचे वाटण चोळून तासभर ठेवावे. पातेले तापले की आधी चरबीचे तुकडे टाकायचे. तेल लागत नाही, किंवा नावाला चमचाभर. मंद आचेवर चरबी वितळून तळाशी साचते आणि त्यातच कांदा लाल होतो. त्यावर निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण, लाल तिखट, काळा मसाला. मग बरगड्या टाकून त्यांना रंग येईपर्यंत परतायच्या. हे परतणे अर्धवट सोडले तर पुढे कितीही शिजवा, रस्सा फिकाच लागतो.

आता झाकण, आणि झाकणावर पाणी. वरचे पाणी तापले की तेच थोडेथोडे आत घालायचे. गार पाणी ओतले तर उकळी मोडते आणि शिजायचा वेळ वाढतो. भडक्याचे जळण आता कामाचे नाही, बाभळीचे लाकूड लावावे. हाडांभोवतीचे चिवट तंतू हळूहळू विरघळून रस होतात आणि त्यासाठी 90 अंशांच्या आसपासची ऊब बराच वेळ टिकावी लागते. दीड-दोन तासांनी मांस हाडावरून मागे सरकून हाडाचे टोक उघडे पडले, की ते झाले. कुकरमध्ये काम लवकर होते, पण चरबी आणि मसाला एकमेकांत मुरायला जी सवड लागते, ती तिथे मिळत नाही. शेवटी रश्शाला येसूर लावतात: बाजरी, गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून गरम मसाल्यासह दळलेले पीठ. गार पाण्यात कालवून ते रश्शात सोडले, की वर तरंगणारी चरबी धरली जाते आणि रस्सा एकजीव होतो.

गोव्यात नाताळच्या विंदालूत चरबीला आवरण्याचे काम व्हिनेगर आणि लसूण वेगळ्या वाटेने करतात: आंबटपणा चरबीचा जडपणा कापतो, शिवाय मांस काही दिवस टिकते. अमेरिकेत बरगड्या कित्येक तास मंद धुरावर ठेवतात आणि वर गोडसर सॉस फासतात. इस्लापूरकडच्या चुलीला व्हिनेगरची आणि सॉसची गरज पडत नाही. आंबटपणाला ताटात लिंबाची फोड असते, जाडसर ज्वारीची भाकरी चरबी शोषून घेते, आणि कच्चा कांदा बुक्कीने फोडून घेतला जातो.

वाढताना कालथ्याने तळापासून उचलावे, कारण जड हाडे खाली बसतात आणि वरून घेतले तर पहिल्या पंगतीला नुसता रस्सा जातो. उरलेले मटण गार झाले की झाकून थंड जागी, फ्रिज असेल तर त्यात ठेवावे. सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असतो. हवा तेवढा थर काढून वेगळ्या भांड्यात ठेवावा, त्यात दुसऱ्या दिवशीची सुकी भाजी परतता येते. बाकीचे खळखळून उकळून एकाच वेळी संपवावे.